ब्रेकपर्यंत पोचणारे पाय

पाटबंधारे खात्याच्या एका कार्यालयात यमाजी खिलारे हा बुटका ड्रायव्हर होता आणि सव्वासहा फुटी सबनीससाहेब. एका रविवारी साहेबांनी सरकारी जीप स्वतःच हौसेनं चालवली आणि कालव्याच्या कठड्यावर आदळली. ठपका मात्र यमाजीवर! वर साळसूदपणे साहेबांनी त्याच दिवशी जीपच्या दारांना आपल्या सहीचं सील ठोकलं. पंचनामा होईपर्यंत आत कुणी शिरायचं नाही.

चौकशीला वरिष्ठ मॅडम आल्या. यमाजीच्या निलंबनाचा कागद टाइप होऊन तयारच होता.

"बोल, ब्रेक का दाबला नाहीस?" साहेब गरजले.

यमाजी पुढे झाला. "मॅडम, एकदा गाडीत बसून दाखवू?"

मॅडमनी सील तपासून फोडलं. यमाजी सीटवर बसला, पाठ टेकली, पाय ताणले. बूट ब्रेकच्या वीतभर अलीकडेच लोंबकळत राहिले.

"सीट एवढी मागे कुणी सारली?" मॅडमनी विचारलं.

"ते सील लावणाऱ्याला ठाऊक," यमाजी म्हणाला. "पण साहेबांचा ठपका बरोबर आहे, मॅडम. ज्याचे पाय पोचत होते, त्यानं ब्रेक दाबायलाच हवा होता."