धारेवरचा दोर

एका राज्यात अरिंजय नावाचा राजा होता आणि त्याच्या वंशाला शाप होता. मुलांचे पाय बोटांपासून दगड होत. दगड वर चढे, काळजाला भिडे आणि सगळं संपे. दोन मुलगे असेच गेले. उरली नात मृगावली, सात वर्षांची. तिच्या गुडघ्यापर्यंत दगड आला होता.

शापाचं कारण एकट्या राजाला ठाऊक. तरुणपणी तो करवतधारेवर, करवतीसारख्या अरुंद डोंगरमाथ्यावर चढला, तेव्हा तिथल्या मांत्रिकाने वाट दाखवायला आपला कुत्रा दिला. तो पळेल म्हणून राजाने त्याला दोराने आपल्या कमरेशी बांधलं. कुत्रा घसरला, दोर ताणला आणि राजाने तलवारीने दोर कापला. मांत्रिक म्हणाला, "काळीज तुझं दगडाचं, आता पाय तुझ्या वंशाचे दगडाचे. दोर ज्याने कापला, त्यानेच तो धरला तर शाप उतरेल."

मग राजाने काय करावं? देवळं बांधली, होम केले, अन्नछत्रं घातली. करून करून भागला आणि देवपूजेला लागला! धारेची वाट तेवढी टाळली.

एके दिवशी मृगावलीने विचारलं, "आजोबा, गुडघ्याच्या वर आलं की दुखतं का हो?"

राजाने तिचे पाय पांघरुणाने झाकले. तो उठला आणि डोंगराखालच्या बिरा धनगराकडे गेला. त्याचा खैऱ्या नावाचा कुत्रा मागितला आणि एक दोर मागितला.

"धारंवर कुत्र्याला दोर लावत न्हाईत, म्हाराज. एक गेला तर दोगं जात्यात."

"ठाऊक आहे. पक्की गाठ मार."

खैऱ्या पुढे, राजा मागे, मध्ये कमरेला बांधलेला दोर. पहिल्या खिंडीत गिधाड बसलं होतं. ते म्हणालं, "मुकुट ठेव." राजाने ठेवला. दुसऱ्या खिंडीत तेच गिधाड म्हणालं, "तलवार ठेव." राजाने जड हाताने ठेवली. तिसऱ्या खिंडीत गिधाड म्हणालं, "त्या दिवशी काय झालं, मोठ्याने सांग."

"दोर तुटला," राजा म्हणाला. इतक्या वर्षांची सवय, दुसरं काय! त्याच क्षणी त्याची पावलं घोट्यापर्यंत दगड झाली. राजाला रडू फुटलं. "मी कापला. भ्यालो आणि कापला."

गिधाड बाजूला झालं. राजा दगडी पावलं ओढत निघाला.

पुढे धार ओंजळीएवढी अरुंद होती. खैऱ्याच्या पायाखालचा मुरूम सुटला, तो कड्याखाली लोंबकळला आणि हिसक्याने राजा गुडघ्यांवर आपटला. त्याचा हात कमरेला गेला, तलवार नव्हती. शेजारी धारदार गारगोटी पडली होती, ती हातात आलीसुद्धा. खालून खैऱ्या एकदाच केकाटला.

राजाने गारगोटी दरीत भिरकावली आणि दोर दोन्ही हातांनी धरला. म्हातारं शरीर घसरू लागलं तसा तो ओरडला, "ये रे दगडा, वर ये!" दगड वर चढला. मांड्या, कंबर, छाती. दगड घसरत नाही. ताठ दोराच्या आधाराने नखं रोवत खैऱ्या वर आला आणि राजाचे हात चाटू लागला. हात गार होते.

खाली महालात मृगावलीच्या पायांवरचा दगड खपलीसारखा गळून पडला. ती उभी राहिली. पहिला प्रश्न तिने आजोबांचा विचारला. आजोबा धारेवरून परतले नाहीत हे सांगायला बिरा आला होता, त्याचं बोट धरून ती अनवाणी धार चढली.

खैऱ्या दगडी राजाशी बांधलेलाच बसला होता. दोन दिवसांचा उपाशी. बिराने कोयता काढला.

"कापू नका," मृगावली म्हणाली. "मी सोडते."

गाठ ताणाने घट्ट बसली होती. तिची नखं फुटली, ऊन कलायला आलं, पण तिने ती सोडवली. मग भाकरीचा पहिला तुकडा खैऱ्याला दिला, दुसरा आजोबांच्या पायाशी ठेवला आणि मोकळा खैऱ्या पुढे घालून ती खाली उतरली. पुढे तिने पुष्कळ वर्षं राज्य केलं आणि त्या वंशात पुन्हा कोणाचा पाय अडला नाही.