गाडीतली गोष्ट

सरनोबतसाहेब इतके संशयी, की आरशातल्या स्वतःलाही "कोण रे तू?" म्हणून दरडावायचे. त्यांच्या टेंडरचा आकडा फुटला, तेव्हा त्यांनी पोर्चमध्ये बाईसाहेबांदेखत ड्रायव्हर घोलपला धरलं.

"गाडीत आपण दोघंच असतो. तूच बाहेर बकलास! ठेव किल्ली आणि चालू लाग!"

नोकरी चाललीच होती. घोलपने शांतपणे किल्ली बॉनेटवर ठेवली.

"बाईसाहेब, गाडीतलं मी बाहेर सांगतो, असं साहेबच म्हणतात. मग जाताजाता तुम्हालाही सांगतो. परवा क्लबच्या मीटिंगला म्हणून आम्ही निघालो ना, तेव्हा..."

"घोलप!" साहेबांनी झडप घालून किल्ली त्याच्या हातात कोंबली. "अरे, तुझ्यासारखा मुका माणूस अख्ख्या कोल्हापुरात मिळायचा नाही. काढ गाडी!"

बाईसाहेबांनी पायांत चपला सरकवल्या.

"थांबा, आज मीही येते. घोलप, परवा गेला होतात तिथंच घ्या."