माळजाईचा पांगुळगाडा

या, असे पुढे या. बाई, मागच्या मुलांनाही आत घ्या. सकाळपासून शाळांमागून शाळा येत आहेत आणि माझा आवाज बसत चालला आहे, तेव्हा जरा जवळ उभे राहा.

या दालनात सगळ्या लेकरांच्या वस्तू आहेत. दगडी भातुकली, सागरगोटे, रंगीत भोवरे, पाळण्यावर टांगायची कापडी चिमण्यांची माळ, जरीची कुंची. त्या सगळ्या काचेआड आहेत. हा पांगुळगाडा तेवढा उघडा ठेवला आहे. त्याला हात लावलात तरी चालेल.

पांगुळगाडा म्हणजे चालायला शिकणाऱ्या पोराने धरायचा गाडा. तीन चाकं आणि धरायला आडवा दांडा. पण हा नीट बघा. एवढा दणकट गाडा कुणाच्या घरात नसतो. खालच्या फळीवर कमळं कोरली आहेत, दांड्याच्या टोकांना पितळी पत्रा आहे. पोराच्या गाड्याला असलं काम कोण करतं? ही लाकडं पालखीची आहेत. आमच्या शिरटाकळीच्या माळजाईची पालखी मोडून हा गाडा केला, असे सांगतात.

फार जुनी गोष्ट आहे. माणदेशात तेव्हा सलग काही वर्षं पाऊसच झाला नाही. आधी जनावरं गेली, मग झाडं. जे लाकूड हाताला लागलं ते लोकांनी विकलं नाही तर चुलीत घातलं. घरांच्या दारांच्या चौकटीसुद्धा राहिल्या नाहीत. माणसं किती गेली ते कुणी सांगत नाही.

मग एकदाचा दुष्काळ सरला. पण आनंद करायची ताकद कुणात उरली नव्हती. उरलेली माणसं उजाडायच्या आत रानात जायची आणि अंधार पडल्यावर येऊन पडायची. आणि तेव्हा म्हणे गावाच्या ध्यानात आलं, की दुष्काळात जन्मलेली पोरं उभीच राहत नाहीत. दोन-दोन, तीन-तीन वर्षांची लेकरं उंबऱ्याशी नुसती बसून असत. अंगात बळ नव्हतं, आणि बोट धरून चालवायला घरात कुणी नव्हतं.

गावात आवडाई नावाची सुतारीण होती. नवरा, मुलगा, सून, सगळे दुष्काळात गेले होते. नातू तेवढा राहिला होता, भिवा. तोही बसूनच असे. आवडाईकडे नवऱ्याची हत्यारं होती, त्याच्या हाताखाली राबून कामही येत होतं, पण लाकूड नव्हतं. साऱ्या गावात लाकूड होतं ते एकाच ठिकाणी, माळजाईच्या देवळात.

ती लिंगोबा गुरवाकडे गेली. देवीची पूजाअर्चा त्याच्याकडे होती. पालखी मोडून पोरांसाठी गाडा करते, असं तिने सांगितलं. लिंगोबा चिडला नाही. चिडायलाही ताकद लागते. त्याने एवढंच विचारलं, "मग जत्रंला देवी कशात बसंल?"

आवडाई म्हणाली, "देवीला चालता येतं का न्हाई, मला ठावं न्हाई. पोरांना येत न्हाई, एवढं दिसतंय."

लिंगोबाने देवीला कौल लावला. फूल उजवीकडेही पडेना, डावीकडेही पडेना. दुपार कलली तसा तो उठला आणि पालखीच्या खोलीचं दार स्वतःच उघडलं. देवीची वस्तू वाया जाणार नाही असा शब्द दे, एवढं तो म्हणाला. आवडाईने शब्द दिला तो असा: "गावातलं एक बी लेकरू बसल्यालं असंल, तवर मी बसायची न्हाई."

गाडा तिने उभ्यानेच केला, असे सांगतात. हलका गाडा पोराने धरला की उलटतो, म्हणून खाली फळी ठोकून तिच्यावर फुटक्या जात्याची तळी ठेवली. मग तो गाडा घेऊन ती दारोदार फिरू लागली. पोराला काखेत धरून उभं करायचं, त्याची बोटं दांड्याभोवती आवळायची, एक पाऊल झालं की दुसरं. भाकरी उभ्याने खायची, देवळाच्या खांबाला टेकून डोळा मिटायचा. तिचे पाय सुजून खांबासारखे झाले होते म्हणे. घरोघरच्या बाया पाट पुढे सरकवत. ती पाटाकडे बघायची आणि पुढच्या घरी जायची.

आणि पोरं चालू लागली. एक आज, एक चार दिवसांनी. उंबरे मोकळे होत गेले. चैत्राची जत्रा आली तेव्हा गावात बसलेलं एकच पोर उरलं होतं, तिचा भिवा. त्याच्या पायांत काही येतच नव्हतं. रोज सगळ्यांत शेवटी ती त्याला गाड्याशी उभं करी, आणि दांडा धरलेला असतानाच त्याचे पाय खाली दुमडत. आधी तो हसायचा, मग रडायचा. पुढे रडणंही थांबलं. एके दिवशी तो तिला म्हणाला, "आज्जे, आता नगं. माझं पाय यायचं न्हाईत."

तिने त्याला पोटाशी धरलं. तेही उभ्यानेच.

आता तरी बस, असं गावाने तिला विनवलं. लिंगोबा म्हणाला, की तू केलंस ते पुष्कळ झालं, देवी तुला शब्दातून सोडवील. तेव्हा ती म्हणाली, "देवी सोडंल. पर मी बसले, तर ह्ये पोर गावात धरलंच न्हाई असं हुईल."



जत्रेच्या दिवशी लिंगोबा देवीचा मुखवटा घेऊन देवळाच्या पायरीवर आला. गाव जमलं होतं, हलगी वाजत होती, पण पालखी नव्हती. आवडाई खांबाला टेकून उभी होती, तिच्या पायाशी भिवा. लिंगोबाने त्या दोघांकडे बघितलं. मग त्याने मुखवटा बाजूला ठेवला, गाड्यावरची जात्याची तळी उचलून खाली ठेवली आणि स्वतःचं उपरणं फळीवर अंथरलं. भिवाला उचलून त्यावर ठेवलं आणि देवीचा मुखवटा त्याच्या मांडीवर दिला. नीट धर, म्हणाला. नुकती चालू लागलेली पोरं दांड्याशी गोळा झाली आणि त्यांनी गाडा ढकलला.

मग लिंगोबा मागे वळला. "आवडाई," तो म्हणाला, "गावात बसल्यालं लेकरू आता ऱ्हायलं न्हाई. ह्यो भिवा देवीची पालखी झालाय. पालखी बसत नसती, ती निघती."

गाडा वेशीकडे वळून दिसेनासा होईपर्यंत ती बघत होती. मग पायरीला हात टेकून ती खाली बसली. गुडघे वाकत नव्हते, दोघी बायांनी धरून बसवलं, असे सांगतात. कुणी म्हणतात, तिने तिथेच प्राण सोडला. कुणी म्हणतात, पोटभर झोपून ती उठली आणि पुढे पुष्कळ वर्षं जगली. खरं काय ते देवीला ठाऊक. मला आपलं दुसरं बरं वाटतं.

आजही माळजाईला पालखी नाही. मुंबईला गेलेल्या एका गाववाल्याने चांदीची देऊ केली होती, गावाने हात जोडून नको म्हटलं. चैत्रात हा गाडा आम्ही इथून गावात नेतो. ज्या लेकराला चालता येत नाही, ते देवी मांडीवर घेतं आणि लहान पोरं गाडा ढकलतात. एवढंसं गाव, पण फेरी पुरी व्हायला दुपार होते. गेल्या वर्षी कौसल्या नावाची मुलगी बसली होती. उन्हाने दमली बिचारी, आणि अर्ध्या वाटेत मुखवट्यावर गाल टेकून झोपी गेली. हलगीवाल्याने हलगी थांबवली. कुणी तिला उठवलं नाही. चाकांचा आवाज होऊ नये म्हणून पोरं गाडा अगदी हळू ढकलत होती.