डाव्या टाचेतली चकती

एकदा एका व्यापाऱ्याला धावण्याच्या बुटांचा एक जुना जोड मिळाला. पांढरे कापड पिवळे पडले होते, कडेला तांबडी पट्टी होती, रबरी तळ झिजून गुळगुळीत झाला होता. चाळीस वर्षांपूर्वी असेच बूट घालून जिल्ह्यातली मुले शर्यती मारत, असे लोक अजूनही सांगत. ते बूट हाताने शिवणारा कारागीर हयात होता. पण हात कापू लागल्यामुळे त्याने काम सोडले होते. दुकान त्याचा शिष्य चालवीत असे, आणि तो तयार मापांचेच बूट शिवत असे.

व्यापारी शिष्याला म्हणाला, "हाच बूट पुन्हा बाजारात आणायचा. टाक्याला टाका जुळला पाहिजे. तुझं नाव होईल."

शिष्य मन लावून कामाला बसला. जुना जोड न्याहाळताना त्याच्या लक्षात आले, की डाव्या बुटाची टाच आतून अर्धे बोट उंच आहे. उजव्याची नाही. वस्तादांना विचारावे असे त्याला वाटले. पण बारा वर्षे शिकून हेही कळत नाही, असे म्हणतील, या लाजेने तो गेला नाही.

उत्तर व्यापाऱ्यानेच दिले. "अरे, मैदानाची फेरी नेहमी डावीकडे वळते ना? वळणावर तोल राहावा म्हणून डावी टाच उंच! काय डोकं असेल म्हाताऱ्याचं!"

शिष्याला ते पटले. त्याने प्रत्येक डाव्या बुटात चामड्याची चकती बसवली. व्यापाऱ्याने खोक्यांवर छापून घेतले, 'डाव्या टाचेचे रहस्य'.

पहिला जोड शिष्याने गल्लीतल्या एका मुलीला दिला. ती पोलीस भरतीसाठी रोज पहाटे धावत असे. आठ दिवसांनी ती येऊन म्हणाली, "दादा, डाव्या बाजूनं कमरेत कळ येतेय."

"नवा बूट आहे गं. पायाला बसायला वेळ लागतो."

तिने विश्वास ठेवला.

बाकीचे जोड बाहेरगावी पाठवायच्या दिवशी शिष्य मोठ्या आनंदाने वस्तादांना दुकानात घेऊन आला. वृद्धाने नवा बूट हातात घेतला, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि मान डोलावली. मग डाव्या बुटात हात घातला आणि तो थांबला. त्याने दुसरे खोके उघडले. तिसरे उघडले.

"जुना जोड कुठाय?"

व्यापाऱ्याने तो काचेच्या कपाटात ठेवून त्याला हार घातला होता. त्याने तो दोन्ही हातांनी आणून दिला. वृद्धाने चामडे कापायची रापी उचलली आणि डाव्या बुटाची टाच उभी चिरली.

"अहो म्हातारबा! जगात एवढा एकच जोड उरला होता!"

वृद्धाने आतून एक चकती काढली. घामाने ती काळी पडली होती. त्याने ती शिष्याच्या तळहातावर ठेवली.

"हा केरबाचा बूट. लहानपणी तो बैलगाडीवरून पडला, डावा पाय अर्धं बोट आखूड राहिला. पोरं त्याला लंगड्या म्हणायची. त्याच्या पायाचं माप मी तीनदा घेतलं आणि ही चकती घातली. दुसऱ्या कुणाच्या बुटात ती नव्हती. प्रत्येकाच्या बुटात काही वेगळं होतं, कारण प्रत्येकाच्या पायात काही वेगळं होतं. माझ्या कामातलं परत आणण्यासारखं एकच होतं, माणसाचा पाय हातात घेणं. तेवढंच तू सोडलंस. बूट परत आला नाही, बाळ. केरबाचं लंगडणं परत आलं. आणि आता ते धडधाकट माणसांच्या पायात जाणार."

व्यापारी हळूच म्हणाला, "पण खोक्यांवर छापून झालंय."

"मग वाचत बसा."

वृद्धाने शिष्याकडे वळून विचारले, "मला का नाही विचारलंस?"

"लाज वाटली."

"पाय आखूड आहे का रे, असं केरबाला विचारताना मलाही वाटली होती. तरी विचारलं."

शिष्याच्या हातातली चकती खाली पडली. त्याला ती मुलगी आठवली. तो तसाच धावत निघाला.

ती उंबऱ्यावर बसली होती. कमरेला ओढणी आवळून बांधलेली होती. मैदानी चाचणी दोन दिवसांपूर्वीच होऊन गेली होती.

"पहिली फेरी पुढं होते मी," ती म्हणाली. "दुसऱ्या फेरीला पायच उचलेना. चालत आले. आता पुढच्या भरतीला वयात बसत नाही."

"चूक माझी आहे," शिष्य म्हणाला, आणि त्याने चकतीची सगळी हकिगत सांगितली.  ती रागावली नाही. त्याला ते अधिक जड गेले.

त्याने खिशातला कागद जमिनीवर पसरला. "पाय ठेव."

"आता कशाला, दादा?"

 तो कानावरची पेन्सिल काढून कागदाजवळ वाकला. तिने डावा पाय कागदावर ठेवला, मग उजवा. त्याने सावकाश दोन्ही पायांभोवती रेघ ओढली. दोन्ही आकृत्या सारख्या नव्हत्या. कुणाच्याच नसतात, हे त्याला बारा वर्षांत पहिल्यांदा दिसले.