बावीस अंड्यांची राणी

"आणि ही? हिला का काढलंस?"

गुलाबशा फकिरांनी बोट केलं तिकडे एक कोंबडी भिंतीला अंग घासत चालली होती. राखी अंग, त्यावर पांढरे ठिपके. कोणाच्या पायात यायचं नाही, असं ठरवूनच चालत असावी.

"तिचं शून्य आहे, बाबा," देवकी म्हणाली.

"शून्य?"

"पंचवीस दिवसांत एकही अंडं नाही." तिनं मांडीवरची वही उघडून त्यांच्यापुढे धरली. "ही बघा. कवडी. पुढची सगळी घरं रिकामी."

फकीरबाबा वहीकडे न बघता कोंबडीकडे बघत राहिले.

"हं," म्हणाले.

बोरीच्या टेकडीवर त्यांचा तकिया होता. एक खोली, एक कडुनिंब आणि पत्र्याचं खुराडं. पोर दुखण्यातून उठलं, हरवलेली म्हैस सापडली, की लोक वर येत आणि एक जिवंत कोंबडी सोडून जात. बाबा त्या कापत नसत. अंडी खालच्या वस्तीत बाळंतिणींकडे जात. खुराडं वीस जणींचं. यंदा एकतीस झाल्या. दाटीत एकमेकींना टोचायच्या. रोज सकाळी एकीची तरी पाठ रक्ताळलेली असायची.

अकरा कमी करायच्या होत्या. त्या जाणार होत्या नूरभाईच्या सायकलवर. आणि नूरभाईच्या सायकलवर गेलेली कोंबडी परत आलेली कोणी पाहिली नव्हती.

कोणत्या अकरा, ते देवकीनं ठरवायचं होतं.

तिनं ते मागूनच घेतलं होतं म्हणा. तीन महिन्यांपूर्वी ती टेकडी चढून आली, ती धापा टाकतच म्हणाली, "बाबा, मला ठरवायला शिकवा."

"काय ठरवायला?"

"काहीही. निळी साडी घेतली की हिरवीच घ्यायला हवी होती असं वाटतं. हो म्हटलं तरी पोटात गोळा, नाही म्हटलं तरी गोळा. मी बी.एस्सी. आहे, बाबा. संख्याशास्त्र. पहिला वर्ग. तरी असं. मला चुकणार नाही असं ठरवायचंय."

बाबांनी तिला आधी पाणी दिलं.

"कोंबड्या सांभाळता येतात?"

"नाही."

"बरं झालं," ते म्हणाले आणि त्यांनी खुराड्याची कडी तिला दाखवली.

...

"सगळ्यात वर कोण आहे तुझ्या वहीत?" आता बाबांनी विचारलं.

"राणी!" देवकीचा आवाज चढला. "ती बघा."

राणी कडुनिंबाखाली उभी होती. उंच, ताठ मानेची. तुरा लालबुंद. इतर कोंबड्या तिला वाट देत होत्या.

"बावीस अंडी, बाबा."

"गावठी तलंग. वर्षाचीही नाही अजून. पंचवीस दिवसांत बावीस?"

"नोंद आहे."

"असेल." बाबांनी दाढी खाजवली. "कशी केलीस नोंद?"

"रोज सहा ते दहा खुराड्यासमोर बसते. अंडी घालायचं मडकं आहे ना, त्याच्यापाशी उभी राहून जी ओरडेल, तिच्या नावावर अंडं. अंडं घातलं की कोंबडी ओरडते, बाबा. पुस्तकात आहे."

"कोंबड्यांनी वाचलंय ते?"

देवकीला हसू आलं नाही. तिनं पेन्सिलीनं कवडीच्या नावाखाली अजून एक रेघ ओढली. ठळक.

तेवढ्यात सायकलची घंटी वाजली. देवकी इतकी दचकली की पेन्सिल उडून खुराड्यात गेली.

"कॉलेजवाल्या ताई!" नूरभाईनं सायकल निंबाला टेकवली आणि कॅरिअरवरची बांबूची टोपली सोडली. "लागला का निकाल? किती नापास?"

"अकरा," देवकी म्हणाली.

"लई कडक तपासता हो पेपर."

तिनं वहीतलं एकेक नाव वाचलं, नूरभाईनं एकेक उचलली. पंख फडफडले, धूळ उडाली, दोघी-तिघींनी टेकडी डोक्यावर घेतली. दहा झाल्या. शेवटची देवकीनंच धरून दिली. कवडी ओरडली नाही. तिच्या हातात नुसती बसून राहिली. बोटांना तिच्या छातीचे ठोके लागत होते.

"ही बोलत पण नाही," नूरभाई म्हणाला.

"तीच तर अडचण आहे."

टोपलीचं झाकण बंद झालं. देवकी वळली.

"बाबा... बरोबर आहे ना?"

"तू ठरवलंस ना?"

"हो."

"मग मला का विचारतेस?"

सायकल उताराला लागली. टोपलीतला कलकलाट वळणापर्यंत ऐकू आला, मग थांबला.

देवकी ओट्यावर बसली. वही मिटून बाजूला ठेवली. पोटाला हात लावून पाहिला. गोळा नव्हता. कितीतरी दिवसांनी नव्हता. तिनं तांब्या उचलला.

राणी निंबाखालून निघाली. दगडावर चढली, दगडावरून कुंपणाच्या भिंतीवर. मान उंच केली. पंख दोनदा अंगावर आपटले.

आणि आरवली.

फाटक्या, कोवळ्या आवाजात. पण आरवली. अगदी शेवटपर्यंत.

तांब्या देवकीच्या हातातून सुटला. पाणी ओट्यावरून बाबांच्या चटईपर्यंत गेलं.

"कोण... कोण ओरडलं?"

"तुझी बावीसवाली," बाबा म्हणाले आणि चटई थोडी बाजूला ओढली.

राणीला स्वतःचा आवाज आवडला असावा. ती पुन्हा आरवली.

देवकी उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली. "तो कोंबडा आहे?"

"आता तोही तेच म्हणतोय."

"पण मडक्यापाशी रोज तोच ओरडायचा! अंडी तर होती, बाबा. मी हातानं उचलली आहेत. गरम होती. बावीस! मग ती घातली कोणी?"

बाबांनी हात पुढे केला.

"वही."

तिनं दिली. त्यांनी ती वाचली नाही. दोन पानांच्या मधलं एक पीस तेवढं काढलं आणि उन्हात धरलं.

राखी पीस. त्यावर पांढरे ठिपके.

"हे काय?"

"खूण आहे. पान पटकन सापडावं म्हणून."

"कुठलं?"

"मडक्यातलं. रोज एखादं असायचंच तिथे. मी झाडून टाकायची. हे जरा छान होतं, म्हणून..."

ती थांबली.

पीस बाबांच्या बोटांत वाऱ्यानं हलत होतं.

देवकी धावली. चपला ओट्याखालीच राहिल्या. खडे टोचले, ओढणी बोरीला अडकली, ती तशीच ओढून घेतली. वाटेत ती काय बडबडत होती, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. डोळ्यांपुढे सुरी होती आणि एक न ओरडणारी कोंबडी.

वळणाच्या विहिरीपाशी सायकल उभी होती. टोपलीसकट. नूरभाई काठावर बसून बिडी ओढत होता.

"नूरभाई! थांबा!"

"थांबलोच आहे की, ताई. मी कुठं पळतोय?"

तिनं टोपलीच्या फटीत डोळा लावला. आत अंधार, पिसं, गर्दी. मग तळाशी एक गोल डोळा. त्याच्याभोवती पांढरे ठिपके.

देवकीनं तिथेच मातीत बसकण मारली. हसायला येत होतं की रडायला, काही कळेना. दोन्ही आलं.

"पाणी काढू का?" नूरभाई घाबरून म्हणाला.

"नको. वर चला. सगळ्यांना घेऊन चला."

"म्हणजे पेपर पुन्हा तपासायचे?" त्यानं बिडी विझवली, कानावर ठेवली आणि सायकल चढाला वळवली.

...

बाबा होते तिथेच होते. राणी भिंतीवर होती.

"सगळ्याच आणल्यास?"

"एक चुकली म्हणजे वहीच चुकली, बाबा." देवकीला अजून दम लागला होता. "तुम्हाला माहीत होतं?"

"शेपूट दिसत होतं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तू विचारलंस कुठे? तू सांगत होतीस."

तिनं ओढणीत अडकलेला बोरीचा काटा काढला. मग हळूच म्हणाली, "आणि कवडी गेली असती तर?"

"विहिरीवर दोन बिड्या ओढल्याशिवाय नूरभाई पुढे जात नाही. तीस वर्षं झाली."

"तीन, बाबा," नूरभाई म्हणाला. "हल्ली तीन ओढतो."

देवकीनं एक मोठा श्वास सोडला. तो इतका मोठा होता की टोपलीतल्या कोंबड्या क्षणभर गप्प झाल्या.

"मग आता सगळ्याच राहू देत ना?"

बाबांनी खुराड्याकडे पाहिलं.

"खुराडं अजून वीसचंच आहे, बेटा."

त्यांनी टोपलीतून कवडीला काढलं आणि देवकीच्या मांडीवर उलट्या तोंडानं बसवलं. मग देवकीची बोटं धरून कोंबडीच्या शेपटीखालच्या दोन हाडांच्या मधे ठेवली.

"किती मावतात?"

"तीन. आरामात."

"बाई आहे ही. अंड्याला वाट आहे. कामाची. आता दुसरी."

नूरभाईनं खुराड्यातून दुसरी दिली. ही वहीत पाचवी होती, सोनेरी, चकचकीत, पीस न् पीस जागेवर.

"एकही नीट मावत नाही," देवकी पुटपुटली.

"अंडी घालणारीला नटायला वेळ कुठे असतो," नूरभाई म्हणाला. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं पुढची कोंबडी उचलली.

एक मांडीवर यायची, बोटं बघायची, एक जायची. लंगडी, म्हातारी म्हणून देवकीनं पहिल्या फटक्यात जी काढली होती, तिची तीन बोटं निघाली. वहीतल्या वरच्या चार टोपलीत गेल्या. दहाव्या-अकराव्या कोंबडीनंतर ती डोळे मिटूनच धरू लागली. वही ओट्यावर होती. वाऱ्यानं तिची पानं उलटत होती. ती कोणी मिटली नाही.

एका पिवळसर कोंबडीपाशी मात्र ती अडली.

दोन बोटं. दोन की अडीच? तिनं पुन्हा पाहिलं. पुन्हा.

"बाबा..."

बाबा निंबाच्या शेंड्याकडे बघत होते. तिथे काही नव्हतं.

कोंबडी मांडीवर पेंगू लागली. ऊन ओट्यावर आलं. देवकीच्या कपाळाला घाम फुटला. मग तिनं एकदम उठून पिवळीला खुराड्यात सोडलं आणि कडी लावून टाकली.

"अकरा भरल्या," नूरभाईनं टोपलीत डोकावून सांगितलं. "का, बारा करू? या राणीसाहेबांना पण नेतो. अंडी तर देणार नाहीत."

"माहीत आहे. राहू दे तो."

"विसांत एक जागा खाईल, ताई."

"खाऊ दे."

"आणि नाव?"

"राणीच," देवकी म्हणाली. हे तिनं बाबांना विचारलं नव्हतं. तिच्या ते नंतर लक्षात आलं.

सायकल उताराला लागली. देवकी कान देऊन ऐकत राहिली. विहिरीपाशी कलकलाट थांबला. तीन बिड्यांचा वेळ गेला. ती ओट्यावर बसून होती. चपला पायाशी होत्या. तिनं त्या घातल्या नाहीत.

मग खालच्या रस्त्यावर घंटी वाजली. लांब. ती दचकली, पण उठली नाही.

खुराड्यात जागा झाली होती. कोणी कोणाला टोचत नव्हतं. कवडी मडक्यात जाऊन बसली होती. आवाज न करता.

देवकीनं पोटाला हात लावून पाहिला. गोळा होता. लहान. बोराएवढा.

"बाबा," ती म्हणाली, "आणि आताही चुकलं असेल तर?"

बाबांनी मुठीतली बाजरी अंगणात फेकली. राणी भिंतीवरून उतरली.

"तर आरवेल कोणीतरी."