परत आलेला आकडा

"…आणि काकू बऱ्या आहेत ना?" असं विचारत शार्दूल टेबलाखाली वाकला. प्लग कुठे लावायचा ते सापडत नव्हतं.

"नाही," टिकेकर सर म्हणाले. "श्रावणात गेली ती."

"छान, छान. हां, सापडला!"

मशीन सुरू झालं.

शार्दूल दोन वर्षांनी मिरजेला सरांकडे आला होता. ऑपरेटिंग सिस्टिम कशी लिहायची हे त्याला टिकेकर सरांनी शिकवलं. आता रुग्णाच्या उशाशी ठेवायच्या मॉनिटरसाठी त्यानं स्वतःची सिस्टिम लिहिली होती. सोमवारी ती पहिल्या रुग्णालयात जायची होती. त्याआधी त्याला सरांचं 'जाऊ दे' हवं होतं. तो शब्द सर सहजासहजी देत नसत.

"बघा आता," त्यानं कळ दाबली. पडद्यावर हिरव्या ओळी भराभर उतरू लागल्या. "डिस्कवर लिहिणाऱ्या भागाच्या सगळ्या टेस्ट पास. एकही लाल नाही. एक लाल दाखवा, इथेच कान धरून उठाबशा काढतो."

सर आत गेले आणि चहा घेऊन आले.

"वा! काकूंच्या हातचा."

"मी केलाय."

"फक्कड झालाय," कपाला हात न लावताच शार्दूल म्हणाला. "मग, सोमवारी जाऊ दे ना?"

सर पुढे झाले, मशीनला बाहेरून जोडलेल्या डिस्कची केबल त्यांनी उपटली, आणि डिस्क मांडीवर घेऊन खुर्चीत बसले.

"चालव."

"अहो सर, डिस्कच नाही तर…"

"चालव की."

हिरवं. हिरवं. पुन्हा हिरवं. शेवटच्या ओळीपर्यंत.

"बघा, म्हटलं नव्हतं…" शार्दूल वळला, आणि त्याची नजर सरांच्या मांडीवर गेली.

…

"कुठे लिहिलं रे यानं?" सरांनी विचारलं.

शार्दूलच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. टेस्ट आधी लिहायला सांगत होती, मग तेच वाचून ताडून बघत होती. वाचलेलं येत होतं मेमरीतल्या प्रतीतून. डिस्कपर्यंत काही पोचलंच नव्हतं.

"लिहिणारं फंक्शन परत येताना काय आणतं?"

"आकडा. शून्य म्हणजे काम झालं. उणे म्हणजे नाही झालं."

"मग आत्ता नाही आणला त्यानं?"

"आणला असणार. उणेच."

"दिला कुणाला?"

शार्दूलनं कोड वर सरकवला. आकडा घ्यायला तिथे कुणीच नव्हतं.

"टेस्टमध्ये कोण बघत बसतं, सर… तिथे सगळं नीटच होणार, असं धरून…"

त्यानं घाईघाईनं चार ओळी लिहिल्या. उणे आलं, तर टेस्टमधून बाहेर.

"हे घ्या. बघितला आकडा."

कळ दाबली. पुन्हा सगळं हिरवं.

"बघितलास," सर म्हणाले. "आणि?"

"बाहेर पडलो."

"कुणाला काही न सांगता?"

शार्दूलचे कान तापले. न बोलता निघून गेलेली टेस्ट पास धरली जाते. पुण्यात ऑफिसातल्या नव्या पोरांना हे तोच बजावून सांगायचा, वर टोमणेही मारायचा.

तिसऱ्यांदा त्यानं सावकाश लिहिलं. उणे आलं तर तिथेच थांब. पुढे काही करू नकोस. नापास म्हण, आणि कुठला आकडा आला तेही सांग.

पडदा वरपासून खालपर्यंत लाल झाला.

…

"सोमवारी नाही पाठवत," शार्दूल म्हणाला. मांडीवरच्या डिस्कची धूळ सर अंगठ्यानं पुसत होते.

उठाबशांचा विषय कुणीच काढला नाही.

काहीतरी करायचं म्हणून त्यानं कप उचलला. चहा गार झाला होता. त्यात साखर नव्हती. काकू त्याच्या कपात विचारल्याशिवाय दोन चमचे घालायच्या, आणि वर म्हणायच्या, "तुझं डोकं फार चालतं, त्याला लागते."

मी केलाय, असं सर म्हणाले होते.

त्याच्याही आधी, तो टेबलाखाली असताना, ते आणखी काहीतरी म्हणाले होते. आणि आपण छान म्हणालो होतो. दोनदा.

त्यानं कप खाली ठेवला. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. आत दिवा नव्हता, भांड्याचा आवाज नव्हता.

"सर…"

…

"सर, काकू…?"

तो थांबला. या वेळी पुढे काही बोलला नाही.

सरांनी मांडीवरची डिस्क उचलून टेबलावर ठेवली.

"आता विचारलंस," ते म्हणाले.