राजकन्या कुमू आणि आईच्या बांगड्या

एकदा काय झालं, एका राणीला खूप वर्षांनी मुलगी झाली. राणीने बाराव्या दिवशी थाटात नाव ठेवलं कौमुदी. कौमुदी म्हणजे चांदणं, बरं का. पण सगळे म्हणायचे कुमू.

मग दोन महिने झाले, तीन महिने झाले. राणीने कुमूच्या डोळ्यांपुढे दिवा धरला. इकडे नेला, तिकडे नेला. कुमू आपली भलतीकडेच बघून हसत राहिली. मग राणीने चांदीचा खुळखुळा धरला. गप्प धरला तेव्हा काही नाही. वाजवला तेव्हा कुमूने लगेच मान वळवली. तेव्हा राणीला कळलं. कुमूला दिसत नव्हतं.

आता राणीने काय करायला हवं होतं? राजाला सांगायला हवं होतं. जाणत्या माणसांना विचारायला हवं होतं. पण राणीला वाटली लाज. हो, लाजच. गावभर साखर वाटून झालेली, नाव चांदणं ठेवून झालेलं, आता लोक काय म्हणतील? राणी चांगली शिकलेली होती हं. शिकलेल्या माणसाला लाज जरा नीटनेटकी घडी घालून ठेवता येते, एवढंच.

मग राणीने एक युक्ती काढली. कुमू चालायला लागली तशी राणी तिच्या मागे मागे चालायची, हातभर हिरव्या बांगड्या घालून. उजवा हात किणकिणला की कुमूने उजवीकडे वळायचं. डावा किणकिणला की डावीकडे. दोन्ही एकदम वाजले म्हणजे पायरी आली. आणि तीनदा खणखणले म्हणजे समोर मोठं माणूस आहे, वाकून नमस्कार करायचा.

कुमू हुशार होती. आठ वर्षांची झाली तरी कुणी संशय बोलून दाखवला नाही. राजा म्हणायचा, "आपली कुमू किती नम्र आहे, मान म्हणून वर करत नाही!" राणी हसायची. आत कुठेतरी टोचायचं, पण हसायची.

बाकीची मुलं गुरुजींकडे पाटी घेऊन बसायची. कुमूचं काय? कुमूला सर्दी असायची. तीन वर्षं सर्दी!

आणि गंमत ऐका. कुमूला स्वतःलाही काही माहीत नव्हतं. तिला वाटायचं, सगळं जग असंच चालतं. एकदा तिने विचारलं, "आई, बाबांसाठी कोण गं बांगड्या वाजवतं?"

राणी म्हणाली, "आधी जेव." झालं. विषय संपला. आयांना असे विषय फार छान संपवता येतात.

मग काय झालं, गावात एक बाई आली. तिचं नाव द्वारकाबाई. तिलाही दिसत नव्हतं. काठीने वाट चाचपत ती गावोगाव फिरायची, आणि ज्यांना दिसत नाही अशा मुलांना शोधून आपल्या डोंगरापलीकडच्या शाळेत न्यायची. ती राजवाड्याच्या अंगणात आली, कान देऊन उभी राहिली आणि राणीला हळूच म्हणाली, "राणीसाहेब, मुलगी छान चालते. पण तुमच्या बांगड्यांवर चालते."

"काहीतरीच काय, बाई!" राणी म्हणाली. पण तिचा चेहरा लालबुंद झाला. द्वारकाबाईला तो दिसला नाही हे बरंच झालं, असं राणीला वाटलं. मग असं वाटल्याचीही लाज वाटली.

द्वारकाबाईने झोळीतून एक पोथी काढली. जाड जाड पानं, आणि सगळी कोरी. "यात अक्षरं झोपलेली आहेत," ती म्हणाली. "ज्यांना दिसत नाही अशा मुलांची बोटं लागली की मोहरीच्या दाण्यांसारखी वर येतात. मग वाचायला शिकवते मी. पण पोथीची एक अट आहे. मुलीला स्वतःबद्दलचं खरं ठाऊक हवं. आणि ते सांगायचं आईने. मी हळदीकुंकवापर्यंत गावात आहे, मग शाळेत परत जाणार. अक्षरं उठली तर कुमूला नेईन. नाही उठली, तर काय शिकवू मी तिला?"

राणीने विचार केला, आपण काही न सांगताच करून बघू. तिने कुमूचं बोट पानावर ठेवलं. पान कसं? केळीच्या पानासारखं गुळगुळीत. एक अक्षर उठलं नाही.

मग दुसऱ्या दिवशी राणी कुमूला म्हणाली, "तुझे डोळे ना, जरासे नाजूक आहेत हं." आणि बोट ठेवलं. कुमू ओरडली, "आई, काहीतरी टोचलं! अगं, पण गेलं लगेच!"

द्वारकाबाई दारातच बसली होती. ती म्हणाली, "अर्धंच सांगितलंत वाटतं?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"पोथी चुगलखोर आहे हो."

राणीला राग आला. तिने पोथी परत देऊन टाकली. म्हणाली, "आमचं चाललंय ते बरं चाललंय."

आणि मग आलं चैत्रातलं हळदीकुंकू. राजवाड्यात आंब्याची डाळ, पन्हं, मोगऱ्याचे गजरे. गावातल्या शंभर बायका आल्या. शंभरही बायकांच्या हातात काय? ओळखा बघू. बांगड्या!

राणीच्या हे डोक्यातच आलं नाही. बिचारी कुमू दिवाणखान्याच्या मध्ये आली आणि चहूकडून किणकिण सुरू झाली. कुमू उजवीकडे वळली, डावीकडे वळली. नसलेल्या पायरीवर पाय उचलला. कुणीतरी पन्ह्याचा पेला घेताना हात तीनदा खणखणला, तर कुमूने खांबालाच वाकून नमस्कार केला.

"अगं बाई!" एक जण म्हणाली. "खांब सासरे लागतात का गं तुझे?"

शंभर बायका हसल्या. हसताना बांगड्या आणखी वाजल्या. कुमू जागच्या जागी गोल फिरली आणि मोठ्याने म्हणाली, "आई, यातली तू कुठली?"

राणी चार पावलांवर उभी होती. आणि तिने काय केलं माहितीये? तिने आपल्या बांगड्यांवर पदर घट्ट धरला. आवाज होऊ नये म्हणून. कुणाला कळू नये म्हणून. इथे मला गोष्ट पटकन पुढे न्यावीशी वाटते, पण नाही, झालं ते असं झालं.

कुमू खाली बसली. दोन्ही हात कानांवर ठेवले. रडली नाही, नुसती बसली.

तेव्हा राणीच्याने राहवेना. ती गेली, शंभर बायकांदेखत लेकीजवळ जमिनीवर बसली आणि तिचा हात हातात घेतला.

"कुमू, मी इथे आहे. तुला दिसत नाही, बाळा. बाकीच्यांना डोळ्यांनी कळतं समोर काय आहे ते. तुला जन्मापासून दिसत नाही. आणि मी तुला सांगितलं नाही."

"मग बांगड्या सगळ्यांसाठी नसतात?"

"नाही. फक्त तुझ्यासाठी."

"सांगितलं का नाहीस?"

"मला लाज वाटायची."

"कुणाची? माझी?"

राणीला 'नाही' म्हणता आलं असतं. अगदी जिभेवर आलं होतं. पण ती म्हणाली, "हो."

कुमूने हात काढून घेतला. त्या दिवशी ती आईशी बोलली नाही.

संध्याकाळी राणीने राजाला सांगितलं. राजा म्हणाला, "मला पाच वर्षांपासून ठाऊक आहे. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

दुसऱ्या दिवशी निघायच्या आधी द्वारकाबाई पोथी घेऊन आली. कुमूने बोट ठेवलं मात्र, सगळ्या पानांवर टिंबं टपटप वर आली, जिवंत मुंग्यांची रांग निघावी तशी! कुमू खुदकन हसली. आईकडे तोंड करून नाही, पोथीकडे. राणीने ते गुपचूप गिळलं. मग कुमूने द्वारकाबाईच्या कोपराला धरलं आणि दोघी डोंगरापलीकडे गेल्या.

राजवाडा शांत शांत झाला. मग एक महिन्याने पत्र आलं. जाड कागद, त्यावर नुसती टिंबं! राणीने उजेडात धरून पाहिलं, उलटं करून पाहिलं. काही कळेना. इतकी शिकलेली राणी, पण स्वतःच्या मुलीचं पत्र वाचता येईना.

मग राणीने शाळेकडून टिंबांची बाराखडी मागवली आणि रोज सकाळी डोळे मिटून बोटांनी वाचायला बसू लागली. चुकायची. चिडायची. पुन्हा बसायची. अशी पावसाळाभर बसली, तेव्हा कुठे पत्र लागलं. त्यात लिहिलं होतं:

"आई, इथे विहीर आहे. आज मी एकटीने पाणी काढलं. येताना पडले, गुडघा फुटला. तू येऊ नकोस. दिवाळीला मीच येईन."

राणी उठली, चप्पल घातली, दारापर्यंत गेली. मग पत्र पुन्हा चाचपलं. 'येऊ नकोस' तसंच होतं तिथे. मग तिने चप्पल काढली आणि टिंबं उठवायची टोचणी घेऊन उत्तर लिहायला बसली.

आणि दिवाळीला कुमू आली. पुढे सगळे सुखात राहिले. अगदी रोज नाही हं, पण बहुतेक दिवशी. झाली गोष्ट. सरका पाहू जरा, उशी सारखी करू दे. आता गप्प पडून राहायचं, मी इथेच आहे.